हंगामाबाहेरचा खेळ

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, हे येथल्या श्रोत्यांना सांगावयास नको. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. बाहेरगावचा पाहुणा फेब्रुवारीत येतो, घडांनी लगडलेला मांडव पाहतो आणि "वा, काय पीक आले आहे!" असे म्हणून परत जातो. हे पीक मागच्या उन्हाळ्यातच ठरून गेले होते, याची त्याला कल्पना नसते. एप्रिलात कोणती काडी ठेवली आणि कोणती काढून टाकली, पुढच्या दोन महिन्यांत तिला काय मिळाले, यावर डोळ्यात घड धरणार की घड जिरून त्याची नुसती बाळी होणार, हे अवलंबून असते. ऑक्टोबर उजाडल्यावर कितीही धावपळ केली तरी उन्हाळ्यातली चूक भरून निघत नाही.

खेळाच्या संघाचे बरेचसे असेच आहे. सामने आपण दोन-अडीच महिने पाहतो. उरलेल्या नऊ-दहा महिन्यांत मैदान रिकामे असते, वर्तमानपत्रातले क्रीडापानही दुसऱ्याच खेळाकडे वळलेले असते. पण पुढच्या वर्षीची हारजीत नेमकी याच काळात ठरत असते. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाच्या जागी कोणाला आणायचे आणि हे सगळे किती पैशांत बसवायचे, हा हंगामाबाहेरचा खेळ आज आपण समजून घेणार आहोत. उदाहरणाला कबड्डी घेतो. एक तर ती आपल्या मातीतली आहे. आणि दुसरे असे, की गेल्या चार-पाच वर्षांत पुण्याच्या संघाने या खेळाचा एक धडाच आपल्यासमोर मांडून ठेवला आहे, आणि त्यात नाशिकचा एक मुलगाही आहे.

पूर्वी काय होते ते आधी पाहू. प्रो कबड्डीची साखळी 2014 साली सुरू झाली. त्याच्या आधी कबड्डीपटूची किंमत पैशांत होत नसे. ती नोकरीत होत असे. मुंबईत महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक यांचे संघ असत. रेल्वेचे आणि पोलिसांचेही असत. खेड्यातला चपळ पोरगा एखाद्या स्पर्धेत कोणाच्या नजरेत भरला, की त्याला बोलावणे येई. त्याला महिन्याचा पगार मिळे आणि साठाव्या वर्षापर्यंतची निश्चिंती लाभे. संघाला खेळाडू मिळाला आणि घराला आधार मिळाला, असा तो सौदा असे. त्यात लाखांचे आकडे नव्हते हे खरे. पण गुडघा दुखावला म्हणून पुढच्या वर्षी घरी बसण्याची पाळीही येत नसे. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिचे काम पडणार आहे.

2014 च्या मे महिन्यात मुंबईत पहिला लिलाव झाला. त्या दिवशी सर्वांत मोठी बोली लागली ती राकेशकुमारवर, 12 लाख 80 हजारांची. पाटण्याच्या संघाने ती लावली होती. चारच वर्षांनी, 2018 साली, इराणचा फजल अत्राचली हा एक कोटीची बोली लागलेला पहिला कबड्डीपटू ठरला. आणि 2023 साली पवन सेहरावतसाठी तेलुगू संघाने 2 कोटी साडेसाठ लाख मोजले. नऊ वर्षांत वीसपट! कांद्याचा भाव इतका चढला असता, तर आपल्याकडे आणखी काय हवे होते?

लिलाव म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर लासलगाव उभे राहते. ट्रॅक्टर रांगेने लागलेले, व्यापारी एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्याकडे सरकणारे आणि शेतकरी बाजूला श्वास रोखून उभा. खेळाडूंच्या लिलावात फरक असा, की तेथे माल आणि शेतकरी एकच असतो. ज्याची बोली लागते, तोच दूरचित्रवाणीसमोर बसून आपला भाव ऐकत असतो. पण एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे. बोलीचा आकडा हाच त्याचा त्या हंगामाचा मेहनताना ठरतो. ही रक्कम मधल्या कोणा मालकाच्या खिशात जात नाही. हा भेद बारीक वाटला तरी मोठा आहे. पुढे अमेरिकेचे उदाहरण सांगताना तो स्पष्ट होईल.

आता बघा, संघाच्या व्यवस्थापकाला कोणती गणिते सोडवायची असतात. 2023 च्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा 5 कोटींची होती. संघात कमीत कमी 18 आणि जास्तीत जास्त 25 खेळाडू ठेवायचे होते. खेळाडूंचे चार वर्ग केलेले होते आणि प्रत्येक वर्गाची मूळ बोली ठरलेली होती: अ वर्गाला 30 लाख, ब वर्गाला 20, क वर्गाला 13 आणि ड वर्गाला 9 लाख. त्याखाली बोली सुरूच होत नाही. समजा, तुम्ही एकाच गड्यावर 2 कोटी 35 लाख लावले. म्हणजे थैलीतला जवळजवळ निम्मा पैसा एका माणसावर गेला. उरले 2 कोटी 65 लाख, आणि माणसे हवीत निदान 17. सरासरी काढली तर डोईला साडेपंधरा लाख येतात. एवढ्यात दोन चांगले चढाईवाले, डावा-उजवा कोपरा आणि मध्यरक्षकांची जोडी कशी बसवायची?

बसवायची ती तरुण पोरांच्या आधाराने. येथेच सगळी मेख आहे.

खेळाडू संघात येण्याच्या वाटा चार. पहिली वाट अशी, की मागच्या हंगामातले जे नावाजलेले गडी कायम राखायचे, त्यांना लिलावात न पाठवता आपल्याकडेच ठेवायचे. दुसरी वाट तरुणांची. अठरा-वीस वर्षांची, कोठेही नाव नसलेली मुले शोधून त्यांना लिलावाच्या बाहेर, ठराविक मुदतीच्या कराराने आणि बेताच्या रकमेत घ्यायचे. तिसरी वाट उघड लिलावाची. आणि चौथी जरा गमतीची आहे. आपणच मोकळा केलेला खेळाडू लिलावात गेला, दुसऱ्या संघाने त्याच्यावर शेवटची बोली लावली, की त्याच बोलीला "आम्हीही एवढेच देतो" म्हणून त्याला परत घेण्याचा हक्क जुन्या संघाला काही मर्यादेत असतो. 2025 च्या लिलावात दिल्लीने आशू मलिकला असेच 1 कोटी 90 लाखांना परत घेतले. म्हणजे बाजारात भाव काढून आणायचा आणि मग घरचाच माल घरी न्यायचा! व्यवहारी माणसाला ही युक्ती पटकन कळते.

या चार वाटांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड ती दुसरी. स्वस्त का, ते सांगितलेच. अवघड अशासाठी, की अठरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय होईल हे ज्योतिषीही सांगू शकत नाही. त्यासाठी गावोगावच्या स्पर्धांना माणसे पाठवावी लागतात, मुलांना आणून सांभाळावे लागते आणि दहांतली सात वाया जाणार हे गृहीत धरावे लागते. पुण्याच्या पुणेरी पलटणने ही वाट मनापासून धरली. अहिल्यानगर जिल्ह्यातला असलम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत, नाशिकचा आकाश शिंदे, अबिनेश नादराजन, गौरव खत्री असे गडी तेथे कोवळ्या वयात आले आणि तेथेच तयार झाले. मुंबईचा पंकज मोहिते तर 2019 पासून त्याच संघात. ही मंडळी एकमेकांबरोबर इतकी खेळली, की पकडीच्या वेळी कोण साखळी धरणार आणि कोण पायात जाणार, हे डोळ्यांनीच ठरावे. लिलावातून एका दिवसात जमवलेल्या संघाला ही गोष्ट विकत घेता येत नाही.

पण नुसत्या पोरांनी भागत नाही, हेही पलटणला उमगले होते. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी फजल अत्राचलीला 1 कोटी 38 लाखांना आणि त्याचाच देशबांधव मोहम्मद नबीबक्ष याला 87 लाखांना घेतले. डाव्या कोपऱ्यावर उभा राहिलेला फजल म्हणजे बंद दाराला लावलेला अडसरच. त्याच्याकडे कर्णधारपद दिले. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूरकडून 33–29 असा हरला.

आता प्रश्न पडतो, की अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या कर्णधाराचे करायचे काय? भावनेने विचार करणारा माणूस म्हणेल, अर्थातच ठेवायचा. पलटणने त्याला मोकळे केले. 9 आणि 10 ऑक्टोबर 2023 ला मुंबईत लिलाव झाला. फजलला गुजरातने 1 कोटी 60 लाखांना घेतले. आणि पलटणने 2 कोटी 35 लाख देऊन इराणचाच, पण वयाने बराच लहान असा मोहम्मदरेझा शादलू आणला. योगायोग पाहा. दोनच दिवस आधी, 7 ऑक्टोबरला, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. भारताच्या संघात असलम आणि आपला आकाश होते, तर इराणच्या संघात शादलू आणि फजल. वादावादीने मध्येच थांबलेला तो सामना भारताने 33–29 असा जिंकला. आणि दोन महिने उलटण्याच्या आत असलम, आकाश आणि शादलू एकाच रंगाचा बनियन घालून एकाच अंगणात उभे राहिले.

मघाचे गणित आठवा. 2 कोटी 35 लाख एकावर घालून उरलेल्या पैशांत संघ बसवणे अवघड, असे आपण म्हणालो होतो. पलटणला ते जमले, कारण बाकीचा संघ तरुण पोरांचा आणि म्हणून स्वस्तातला होता. महाग गडी घेण्याची ऐपत त्यांना या पोरांनीच मिळवून दिली. साखळीत 96 गुण घेऊन संघ पहिला आला. 22 सामन्यांत फक्त 2 पराभव. असलम हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि शादलूने पकडींचे 99 गुण मिळवून त्या यादीत पहिला नंबर घेतला. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत अंतिम सामन्यात हरियाणाला 28–25 असे हरवून पलटणने पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवले. त्या सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी बाद केले होते. कोणत्याही लिलावात गाजावाजा न झालेला हा गडी, बरे का!

येथपर्यंतची कथा सरळ आहे. पुढे ती वाकडी होते, आणि माझ्या मते शिकण्यासारखा भाग तोच आहे.

विजेतेपदानंतर शादलूलाही मोकळे करण्यात आले. 15 आणि 16 ऑगस्ट 2024 च्या लिलावात त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतले ते हरियाणाने. म्हणजे अंतिम सामन्यात ज्याच्यामुळे हरले, त्यालाच उचलून त्यांनी आपल्या घरात आणला. आणि 29 डिसेंबर 2024 ला, तेही पुण्याच्याच बालेवाडीत, हरियाणाने पाटण्याला 32–23 असे हरवून अजिंक्यपद घेतले. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू शादलू. इकडे पलटणचे काय झाले? मधल्या हंगामात असलमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. संघाची सूत्रे नाशिकच्या आकाशकडे आली. पोरांनी झुंज दिली, पण गतविजेता संघ पहिल्या सहांतसुद्धा आला नाही.

मग शादलूला सोडणे चूक होते का? पुष्कळांनी तसे म्हटले. पण थोडे थांबा. पुढच्या वर्षी, 31 मे आणि 1 जून 2025 ला, पुन्हा लिलाव झाला आणि शादलूला गुजरातने 2 कोटी 23 लाखांना घेतले. त्या हंगामात सर्वांत महाग खेळाडू तोच. पण गुजरातचा संघ पहिल्या आठांतही नव्हता. याउलट पलटणने आपली जुनी पोरे जपली, असलम बरा होऊन परतला, आणि लिलावात त्यांनी सचिन तंवरला 1 कोटी 5 लाख 80 हजारांना आणले. हाच सचिन आदल्या वर्षी तमिळ संघाने 2 कोटी 15 लाखांना घेतला होता. एका वर्षात भाव निम्म्याच्याही खाली! माणूस तोच, त्याची चढाई तीच, पण बाजाराला वाटलेली किंमत बदलली. अशा वेळी घेणारा तो शहाणा. पलटणने साखळीत पुन्हा पहिला क्रमांक मिळवला आणि अंतिम फेरी गाठली.

आणि तेथे समोर कोण? दिल्लीचा संघ, आणि त्याच्या कोपऱ्यावर उभा फजल अत्राचली. 2022 साली पलटणचा कर्णधार असलेला, 2023 साली 1 कोटी 60 लाखांना गेलेला, 2024 साली भाव 50 लाखांवर आलेला, वयाची तेहतीस वर्षे गाठलेला फजल. 31 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीत दिल्ली 31–28 अशी जिंकली आणि शेवटच्या क्षणांतली मोलाची पकड फजलची होती. पलटणने त्याला सोडले तेव्हा हिशेब चुकला होता असे मी म्हणणार नाही. त्याला सोडल्यावरच त्यांनी अजिंक्यपद मिळवले. पण पन्नास लाखांवर आलेल्या गड्याच्या अंगात अजून एक अंतिम सामना शिल्लक आहे, हे दिल्लीवाल्यांनी ओळखले, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

आतापर्यंत आपण सोडणे आणि विकत घेणे पाहिले. तिसरा प्रकार अदलाबदलीचा: तुमचा गडी आम्हाला द्या, आमचा तुम्ही घ्या. आपल्याकडे हा प्रकार क्रिकेटच्या आयपीएलमध्ये ठळकपणे दिसतो. 2023 च्या नोव्हेंबरात मुंबईला हार्दिक पंड्या गुजरातकडून परत हवा होता आणि त्याचे मानधन होते 15 कोटी. थैलीत तेवढी जागा नव्हती. तेव्हा मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला दिला आणि जागा करून घेतली. घरात नवे कपाट आणायचे तर जुना पलंग बाहेर काढावा लागतो, तसेच हे.

त्याहून बोलका सौदा 15 नोव्हेंबर 2025 चा. राजस्थानचा कर्णधार संजू सॅमसन 18 कोटींवरच चेन्नईला गेला; बदल्यात चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन असे दोघे राजस्थानला दिले. जडेजाचे मानधन 18 कोटींवरून 14 कोटींवर आले. या व्यवहाराला दोन्ही संघांची संमती लागते, नियामक मंडळाची लागते आणि खेळाडूचीही लागते. ही शेवटची संमती फार मोलाची आहे. त्याच जडेजाच्या आयुष्यात एक जुना प्रसंग आहे. 2010 साली, पहिला करार संपत असताना, त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली असे ठरवून त्याला पूर्ण हंगाम बाहेर बसवण्यात आले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आपला भाव आपण विचारणे हाच अपराध ठरला. संघ एकमेकांशी बोलू शकतात, खेळाडूने मात्र बोलू नये, हा नियम शिस्तीसाठी असेल. पण शिस्तीचा सगळा भार एकाच बाजूच्या खांद्यावर का, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात येईल.

अमेरिकेत हा प्रश्न फार आधी आला. तेथे बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखा सर्वांच्या जिव्हाळ्याचा खेळ. तेथल्या हिवाळ्यात मैदाने ओस पडतात आणि लोक शेकोटीशी बसून, कोणता गडी कोठे जाणार याच्या गप्पा मारतात. 1920 च्या जानेवारीत बोस्टनच्या संघाने बेब रूथ नावाचा आपला गडी एक लाख डॉलरला न्यूयॉर्कला विकल्याचे जाहीर केले. रूथला त्यातले काही मिळावयाचे नव्हते, पैसा मालकाचा. 1918 पर्यंत पाच वेळा विजेता ठरलेला बोस्टनचा संघ त्यानंतर पुन्हा विजेता झाला तो थेट 2004 साली. लोक त्याला रूथचा शाप म्हणत. शाप वगैरे काही नसते, पण छाटणीत मुख्य खोडच कापले तर काय होते, याचा हा नमुना खराच.

त्या काळी तेथे नियम असा होता, की करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा. संघ त्याला हवे तेव्हा विकू शकतो, त्याला मात्र कोठेही जाता येत नाही. 1969 च्या ऑक्टोबरात सेंट लुई संघाने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा हंगाम त्या संघासाठी खेळलेला माणूस! फ्लड म्हणाला, मी जाणार नाही. डिसेंबरात त्याने खेळाच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले, की मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नव्हे. आयुक्तांनी ऐकले नाही तेव्हा तो न्यायालयात गेला. 1970 चा संपूर्ण हंगाम त्याने घरी काढला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरुद्ध लागला, आणि तोपर्यंत त्याचा खेळही संपला होता. मात्र त्याने हलवलेला खुंटा सैल झाला होता. 1975 च्या डिसेंबरात दोन दुसऱ्या खेळाडूंच्या बाबतीत लवादाने निर्णय दिला, की करार संपला की खेळाडू मोकळा. त्यानंतरच्या पिढ्यांनी कोट्यवधी डॉलर मिळवले. फ्लडला त्यातले काही मिळाले नाही.

आपल्याकडचा लिलाव या जुन्या अमेरिकन नियमापेक्षा निश्चित बरा. बोलीचा पैसा खेळाडूच्या हाती येतो, हे मघाशी पाहिले. पण कोणत्या गावी जायचे, हे त्याच्या हाती नसते. आणि गाव बदलणे म्हणजे नुसती रेल्वेगाडी बदलणे नव्हे. शिक्षक बदलतो, भाषा बदलते, आणि शेजारी उभा राहून साखळी धरणारा हातही बदलतो. उलट कधी गाव बदलल्याने नशीबही उघडते. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी 2023 च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये आपल्या नाशिकच्या संघाकडून खेळला. पुण्याविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा काढल्या, त्यांत 13 षटकार, वर चार बळीही घेतले. नाशिकने तो सामना एका धावेने जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरात लखनौने त्याला 20 लाखांना घेतले. सोलापूरचे पोर नाशिकच्या नावाने खेळून लखनौला पोचले.

आता आपल्या श्रोत्यांपैकी ज्यांची मुले निफाड, सिन्नर, येवला, मालेगाव या बाजूंच्या मंडळांतून कबड्डी खेळतात, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एखाद्या दिवशी स्पर्धेच्या मैदानावर अनोळखी माणूस येतो, मुलाला बाजूला घेऊन बोलतो, आणि घरात आनंदीआनंद होतो. व्हायलाच हवा. पण कागदावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. करार किती हंगामांचा? मुदत वाढवायची तर ते ठरवणार संघ, की मुलालाही त्यात मत आहे? दुसऱ्या हंगामात तो चांगला खेळला तर रक्कम वाढणार, की पहिलीच राहणार? सरावात गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, आणि त्या हंगामाचे पैसे पूर्ण मिळणार की खेळलेल्या दिवसांपुरतेच? तो कॉलेजात असेल तर परीक्षेच्या दिवसांत त्याला सोडणार काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, पोलीस किंवा रेल्वेतली नोकरी चालून आली तर करार आड येणार नाही ना? जुन्या काळी नोकरी हीच किंमत होती, असे मी सुरुवातीला म्हटले. आज लाखांचे आकडे आले म्हणून ती किंमत कमी झालेली नाही. चढाई करणारा माणूस तिशीनंतर फार वर्षे चढाई करीत नाही; फजलसारखे गडी हातांच्या बोटांवर मोजावेत एवढेच, आणि तेही कोपऱ्यावर उभे राहणारे.

हे प्रश्न विचारल्याने संघवाले रागावतील, अशी भीती घरच्यांना वाटते. ती निराधार आहे. ज्या संघाला मुलगा खरोखर हवा आहे, तो उत्तरे देतो. आणि कागद इंग्रजीत असेल तर तो एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावा. त्याची फी त्या मुलाच्या एका जोडी बुटांपेक्षा फार जास्त होणार नाही.

दरवर्षी लिलावाच्या आधी प्रत्येक संघ कायम राखलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतो, आणि वर्तमानपत्रे ती छापतात. सोडलेल्यांची यादी बहुधा कोणी छापत नाही. ती आपल्याला काढावी लागते: मागच्या हंगामाची नावे एका बाजूला लिहायची, कायम राखलेली दुसऱ्या बाजूला, आणि एकेक खोडत जायचे. पाच मिनिटांचे काम आहे. खोडून उरलेली जी पाच-सात नावे दिसतील, त्यांच्याकडे लिलावाच्या दिवशी लक्ष ठेवा.